पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली. पण ती तीच गोळी आहे का?

प्रश्न असा आला आहे: न्यू जर्सीत राहणारा भाऊ काही वर्षं नैराश्यासाठी वेलब्युट्रिन एक्सएल ३०० मिलिग्रॅम घेतो आहे. विमा कंपनीने कळवलंय की यापुढे ब्रँडचे पैसे मिळणार नाहीत, जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाची इतर कंपन्यांनी बनवलेली स्वस्त गोळी घ्या. नैराश्य पुन्हा उलटेल अशी त्याला धास्ती आहे. इकडे पुण्यात आई नैराश्यावरचंच फ्लुऑक्सेटीन २० घेते आणि मेडिकलवाला दर महिन्याला वेगळ्याच कंपनीची स्ट्रिप हातात ठेवतो. पेटंट संपल्यावर नेमकं काय होतं, किंमत एवढी कशी कोसळते, आणि स्वस्त झालेली गोळी तीच असते का?

माझं आयुष्य जेनेरिक औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे गोळी बांधण्यात, आणि बायोइक्विव्हॅलन्सच्या, म्हणजे ती रक्तात मूळ गोळीसारखीच उतरते का हे तपासण्याच्या कामात गेलं. अमेरिकेत पाठवायच्या फाइली तयार करणं, 'बायो' पास होतो का नापास याची वाट बघणं, नापास झाला की गोळी पुन्हा बांधायला घेणं, हे माझं काम. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. डोस किती, औषध कोणतं, कधी थांबवायचं हे तुमचे डॉक्टरच सांगतील. गोळीच्या आत काय असतं आणि ते रक्तात कसं उतरतं, त्याबद्दल मात्र खात्रीने बोलू शकतो.

आधी सरळ उत्तर. आईच्या बाबतीत काळजीचं कारण फार थोडं आहे. भावाने जेनेरिक घ्यायला हरकत नाही, मात्र ते कोणत्या कंपनीचं हे विचारून घ्यावं. त्याची धास्ती निराधार नाही, त्या गोळीचा इतिहासच तसा आहे. किमतीवरून दोघांनाही काहीच कळणार नाही. गोळी कशी बांधली आहे, यावरून कळेल.

'पेटंट संपलं' असं म्हटलं की कॅलेंडरवरची एक तारीख डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एका औषधाभोवती अनेक पेटंटं असतात. एक मूळ रेणूचं, एक त्याच्या वापराचं, एक त्याच्या क्षाराचं किंवा स्फटिकरूपाचं, एक गोळीच्या रचनेचं. प्रत्येकाची मुदत वेगळी. जेनेरिक कंपनीच्या वकिलांचं आणि शास्त्रज्ञांचं निम्मं काम यातलं कोणतं पेटंट पक्कं आणि कोणतं कच्चं, हे ओळखण्याचं असतं. मनोविकारांच्या औषधांत याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आईच्याच औषधाचं आहे. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

फ्लुऑक्सेटीन हा रेणू इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. ब्रायन मोलॉय, डेव्हिड वाँग, रे फुलर आणि क्लाउस श्मीगेल ही त्यामागची माणसं. १९७४ साली त्यावरचा पहिला शोधनिबंध आला. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिची मान्यता मात्र डिसेंबर १९८७ च्या अखेरीस मिळाली. म्हणजे प्रयोगशाळा ते दुकान यात दीड दशक गेलं, आणि पेटंटचं घड्याळ त्यातला बराच काळ चालूच होतं. नाव ठेवलं प्रोझॅक. पुढच्या दहा वर्षांत हे औषध इतकं पसरलं की वर्षाची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या वर गेली. कंपनीच्या एकूण विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा या एका कॅप्सूलमधून येऊ लागला.

अमेरिकेत १९८४ चा हॅच-वॅक्समन कायदा आहे. आमच्या धंद्याचा पायाच तो. त्यानुसार जेनेरिक कंपनीला हजारो रुग्णांवरच्या चाचण्या नव्याने कराव्या लागत नाहीत. मूळ औषधाची परिणामकारकता सिद्ध झालेलीच आहे. आपली गोळी रक्तात त्याच मापाने पोहोचते, एवढं दाखवायचं. त्याच कायद्यात एक तरतूद आहे जिला आम्ही 'पॅरा फोर' म्हणतो. पेटंट अजून जिवंत असताना 'हे पेटंट वैध नाही किंवा आम्ही त्याचा भंग करत नाही' असं लेखी सांगून अर्ज करायचा. मूळ कंपनीने मुदतीत खटला भरला की मान्यता साधारणपणे ३० महिने अडकते. पण असा अर्ज सर्वांत आधी करणाऱ्याला बक्षीस आहे: १८० दिवस दुसरी कोणतीही जेनेरिक कंपनी अशाच अर्जाच्या जोरावर त्याच्या शेजारी उभी राहू शकत नाही.

बार लॅबोरेटरीज या कंपनीने डिसेंबर १९९५ मध्ये फ्लुऑक्सेटीनसाठी असा अर्ज केला. लिलीने खटला भरला. मुद्दा दोन पेटंटांचा होता. एक फेब्रुवारी २००१ मध्ये संपणार होतं, दुसरं डिसेंबर २००३ मध्ये. या दुसऱ्या पेटंटमध्ये दावा होता तो फ्लुऑक्सेटीन देऊन शरीरातल्या सेरोटोनिनचं पुनर्शोषण रोखण्याच्या पद्धतीचा. लिलीकडे आधीचं आणखी एक पेटंट होतं, फ्लुऑक्सेटीन देऊन माणसातली चिंताविकृती बरी करण्याचं. न्यायालयाने विचारलं: माणसाला हे औषध दिलं की सेरोटोनिनचं पुनर्शोषण आपोआप थांबतंच ना? मग तोच शोध दोनदा पेटंट केलात की. ९ ऑगस्ट २००० रोजी अपील न्यायालयाने तो दावा अवैध ठरवला. त्या एका दिवसात लिलीचा शेअर सुमारे ३० टक्क्यांनी कोसळला. ३० मे २००१ रोजी त्याच न्यायालयाने कारणं नव्याने मांडून निष्कर्ष कायम ठेवला.

या निकालाचं मोल लक्षात घ्या. एका दाव्याच्या वैधतेवर जवळपास अडीच वर्षांची मक्तेदारी लटकलेली होती. वर्षाला अडीच अब्ज डॉलर हा आकडा समोर ठेवून हिशेब करा, म्हणजे कंपन्या वकिलांवर इतका खर्च का करतात ते कळेल. मला स्वतःला हा निकाल न्याय्य वाटतो. रेणू शोधणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, आणि लिलीला तो भरभरून मिळाला होता. एकाच परिणामाचं दोनदा वर्णन करून रुग्णाकडून आणखी अडीच वर्षं पैसे घेणं हा मोबदला नव्हे.

उरलं पहिलं पेटंट. लहान मुलांवर अभ्यास करून देणाऱ्या कंपनीला अमेरिकेत सहा महिन्यांची जादा मुदत मिळते. लिलीने ती घेतली आणि फेब्रुवारीची तारीख ऑगस्टवर गेली. २ ऑगस्ट २००१ रोजी बारची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल बाजारात आली.

इथे आपल्याकडचा एक खरा धागा आहे. पहिल्या अर्जाचं बक्षीस औषधाच्या प्रत्येक स्ट्रेंग्थसाठी वेगळं असतं. ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर पहिला अर्ज हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचा होता. त्याच ऑगस्टमध्ये १८० दिवसांची ही एक्सक्लुझिव्हिटी मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. तोपर्यंत बाहेरच्या जगात आपली ओळख कच्चा माल, म्हणजे एपीआय, स्वस्तात पुरवणारे अशी होती. त्या दिवसानंतर अंधेरीपासून अहमदाबादपर्यंतच्या कंपन्यांमध्ये पेटंट वाचणारे विभाग मोठे झाले. पुढे याचा परिणाम किती झाला पाहा: २८ एप्रिल २०१५ रोजी एफडीएने अ‍ॅरिपिप्रॅझोल, म्हणजे अ‍ॅबिलिफाय, या स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या औषधाची पहिली जेनेरिक्स मान्य केली. त्या चार कंपन्यांपैकी अलेम्बिक, हेटेरो आणि टॉरेंट या तीन भारतीय होत्या.

आता किमतीबद्दल. पेटंट संपलं त्या दिवशी किंमत कोसळते, असा समज आहे. तसं होत नाही. पहिले सहा महिने दुकानात एकच किंवा मोजकीच जेनेरिक्स असतात आणि ती ब्रँडपेक्षा थोडी स्वस्त असतात, इतकंच. प्रोझॅकची बहुतांश प्रिस्क्रिप्शनं काही आठवड्यांतच जेनेरिककडे वळली, कारण तिथे डॉक्टरने खास मनाई केली नसेल तर फार्मासिस्ट स्वतःहून पर्याय देऊ शकतो आणि विमा कंपन्यांना तेच हवं असतं. खरी पडझड झाली ती जानेवारी २००२ च्या अखेरीस १८० दिवस संपल्यावर, जेव्हा अनेक कंपन्या एकदम आत शिरल्या. काही वर्षांत हे औषध वॉलमार्टच्या महिन्याला ४ डॉलरच्या यादीत जाऊन बसलं.

एवढी किंमत उतरली याचा अर्थ आत काही कमी घातलं असा लोक काढतात. फ्लुऑक्सेटीन तयार करायला लागणारा खर्च आधीही थोडाच होता. ब्रँडच्या किमतीत संशोधन होतं, फसलेल्या इतर रेणूंचा खर्च होता, जाहिरात होती, आणि मुख्य म्हणजे दुसरा विक्रेता नसण्याची किंमत होती. दुसरा, पाचवा, दहावा विक्रेता आला आणि तो शेवटचा भाग गळून पडला. कॅप्सूलमधले २० मिलिग्रॅम २० च राहिले.

भारतात तर हे नाट्य घडलंच नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, जो १९७२ पासून अमलात आला, औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. प्रक्रिया बदलली की तोच रेणू कोणीही बनवावा. रेणूवरची पेटंटं १ जानेवारी २००५ पासून सुरू झाली. त्यामुळे अमेरिकेत प्रोझॅकवरून खटला चालू होता, तेव्हा आपल्याकडे सन फार्माचं प्रोडेप आणि कॅडिलाचं फ्लुडॅक सर्रास लिहिलं जात होतं. आई जी घेते ती गोळी आपल्या देशात कधी मक्तेदारीत नव्हतीच. पुण्यात जी स्ट्रिप मिळते ती कोणत्याही नावाची असो, ती जेनेरिकच आहे. आपल्याकडे 'ब्रँडेड' आणि 'जेनेरिक' असा जो भेद दुकानात करतात तो बहुतेक वेळा दोन जेनेरिक्समधला असतो. एकीवर कंपनीने नाव देऊन डॉक्टरांपर्यंत माणूस पाठवला, दुसरीवर नाही. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नाव नसलेल्या स्ट्रिपवरची छापील किंमत कित्येकदा नाववाल्या गोळीच्या जवळपास असते आणि मधला फरक दुकानदाराच्या खिशात जातो. जनऔषधी केंद्रात तो फरक तुम्हाला मिळतो.

आता मुख्य प्रश्न: गोळी तीच का?

जेनेरिकला मान्यता मिळवताना निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी देतात, मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन दुसऱ्यांदा जेनेरिक. दर थोड्या वेळाने रक्त घेतात. दोन गोष्टी मोजतात: रक्तातली सर्वोच्च पातळी किती, आणि एकूण किती औषध रक्तात पोहोचलं. या दोन्हींचं मूळ औषधाशी असलेलं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसावं लागतं. इथे फार मोठा गैरसमज आहे, आणि तो डॉक्टर मंडळींमध्येही भेटतो, की जेनेरिकमध्ये २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त औषध चालतं. तसं अजिबात नाही. गोळीतलं औषध मोजून जवळजवळ शंभर टक्केच लागतं. आणि ती चौकट सरासरीसाठी नाही, सरासरीच्या दोन्ही बाजूंना जो ९० टक्के विश्वासाचा पट्टा काढतात तो सबंध पट्टा तिच्या आत बसावा लागतो. सरासरी ८५ वर असेल तर पट्ट्याचं खालचं टोक बहुधा ८० च्या खाली घसरतं आणि अभ्यास नापास होतो. मी असे नापास अभ्यास पाहिले आहेत. सरासरी चांगली दिसत असूनही पट्ट्याचं एक टोक जरासं बाहेर गेलं म्हणून आख्खी बॅच आणि महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागतं. एफडीएने १९९६ ते २००७ या काळातल्या मान्य जेनेरिक्सचे २०७० अभ्यास एकत्र तपासले. मूळ औषधाशी सरासरी फरक निघाला सर्वोच्च पातळीत ४.३५ टक्के आणि एकूण शोषणात ३.५६ टक्के. इतका फरक तुम्ही गोळी उपाशीपोटी घेतली की जेवून, एवढ्यानेही पडू शकतो.

फ्लुऑक्सेटीनच्या बाबतीत तर आणखी एक जमेची बाजू आहे. हे औषध शरीरात फार सावकाश कमी होतं. नियमित घेणाऱ्याच्या रक्तातली त्याची पातळी निम्म्यावर यायला साधारण चार ते सहा दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारं नॉरफ्लुऑक्सेटीन तर आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. याच गुणाच्या जोरावर लिलीने पेटंट संपायच्या वर्षी आठवड्यातून एकदा घ्यायची ९० मिलिग्रॅमची कॅप्सूल आणली होती. अशा औषधात एक कॅप्सूल तासभर आधी विरघळली आणि दुसरी तासाने उशिरा, तरी रक्तातल्या पातळीवर ओरखडाही उठत नाही. आईच्या स्ट्रिपवरचं नाव बदलल्याने रसायनाच्या पातळीवर तिला त्रास व्हावा असं मला काहीही दिसत नाही, कंपनी बरी असली म्हणजे झालं.

भावाची गोष्ट वेगळी. त्याच्या गोळीच्या नावातलं 'एक्सएल' महत्त्वाचं आहे. त्यातलं मूळ औषध बुप्रोपिऑन. ते एकदम रक्तात आलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणून दिवसभरात हळूहळू सुटेल अशी गोळी बांधतात. इथे रेणू सारखा असून भागत नाही. आवरण कसं आहे, ते किती जाड आहे, पाणी आत कसं शिरतं, औषध कोणत्या वेगाने बाहेर पडतं, यात सगळा जीव आहे. आणि आवरणाच्या रचनेवर मूळ कंपनीचं स्वतंत्र पेटंट असतं, त्यामुळे जेनेरिकवाल्याला तीच रचना वापरता येत नाही, निराळ्या रस्त्याने तिथेच पोहोचावं लागतं. आमच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच.

२००६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बुडेप्रिऑन एक्सएल ३०० या जेनेरिकला मान्यता मिळाली. बनवणारी कंपनी इम्पॅक्स, विकणारी टेवा. थोड्याच महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या: वर्षानुवर्षं ठीक असलेली माणसं गोळी बदलल्यावर पुन्हा खचली, कुणाची झोप उडाली, कुणाचं डोकं दुखू लागलं. एका खासगी प्रयोगशाळेने २००७ मध्ये तपासलं तर पहिल्या दोन तासांत या जेनेरिकमधून ३४ टक्के औषध बाहेर पडत होतं, मूळ गोळीतून ८ टक्के. एफडीएने २००८ मध्ये उत्तर दिलं की गोळी समतुल्य आहे, नैराश्य हा मुळातच चढउताराचा आजार आहे. रुग्णांनी ऐकलं नाही, तक्रारी चालूच ठेवल्या.

मग बाहेर आलं ते असं की ३०० मिलिग्रॅमची रक्तचाचणी कधी झालीच नव्हती. निरोगी माणसाला एवढा डोस देण्यात फिटचा धोका म्हणून १५० मिलिग्रॅमवर अभ्यास झाला आणि त्यावरून ३०० ला मान्यता दिली गेली. अखेर एफडीएने २०१० मध्ये स्वतःच २४ निरोगी स्वयंसेवकांवर ३०० मिलिग्रॅमचा अभ्यास केला. निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाला: सर्वोच्च पातळी मूळ औषधाच्या सुमारे ७५ टक्केच. गोळी बाजारातून गेली. इतर कंपन्यांनाही ३०० मिलिग्रॅमवर स्वतंत्र अभ्यास करायला लावलं गेलं आणि त्यातही एक गोळी नापास होऊन मागे घेतली गेली.

हे प्रकरण मला फार लागलं होतं, अजून लागतं. जवळपास सहा वर्षं रुग्ण जे सांगत होते ते खरं होतं आणि त्यांना सांगितलं जात होतं की हा तुमचा आजार बोलतोय. मनोविकाराच्या रुग्णाची तक्रार अशी झटकणं फार सोपं असतं. रक्तदाबाच्या गोळीत असं झालं असतं तर यंत्रावर आकडा दिसला असता. उदास माणसाकडे दाखवायला आकडा नसतो. म्हणून अशा औषधांत तक्रारीची दखल जास्त लवकर घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही भावाला सांगा. आज अमेरिकेत जी बुप्रोपिऑन एक्सएल ३०० मिळतात ती त्या अनुभवानंतरची आहेत, त्याच डोसवर तपासली गेलेली. म्हणून जेनेरिक घ्यायला हरकत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मेथिलफेनिडेटच्या, म्हणजे एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकारावरच्या कॉन्सर्टा या औषधाच्या दोन जेनेरिक्सचा समतुल्यतेचा दर्जाही एफडीएने खाली आणला, कारण औषध दिवसाच्या उत्तरार्धात जसं सुटायला हवं तसं सुटत नसावं अशी शंका होती. दोन्ही उदाहरणं हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांची आहेत, हा योगायोग नव्हे. साध्या, पोटात गेल्यावर लगेच विरघळणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, ओलान्झापीन, रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांत असं घडणं फारच विरळा.

एका औषधाबद्दल मात्र वेगळा इशारा. बायपोलर आजारावरच्या लिथियममध्ये उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. तिथे कंपनी किंवा गोळीचा प्रकार बदलला तर डॉक्टरांना सांगून रक्तातली पातळी पुन्हा तपासून घ्यावी. फिट आणि बायपोलरसाठी देतात त्या कार्बामॅझेपीनबाबतही मी कंपनी शक्यतो बदलू नका म्हणेन.

आता आईच्या स्ट्रिपकडे परत येऊ, कारण रसायन ठीक असूनही तिथे एक खरा धोका आहे. दर महिन्याला रंग बदलतो, आकार बदलतो, नाव बदलतं. वयस्कर माणसाला वाटतं की डॉक्टरांनी औषध बदललं. नाहीतर घरात जुनी आणि नवी अशा दोन्ही स्ट्रिपा असतात आणि दोन्ही घेतल्या जातात. किंवा 'ही चुकीची दिसते' म्हणून गोळी डब्यातच राहते. अपस्माराच्या औषधांवरच्या २०१३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषधात खंड पडण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी जास्त दिसली. नैराश्यात खंड पडणं वाईटच, कारण त्याचा परिणाम त्या आठवड्यात दिसत नाही. फ्लुऑक्सेटीन तर इतकं रेंगाळतं की गोळी बंद झाल्याचं घरच्यांना महिन्याभराने कळतं, तोवर आजार परतलेला असतो. शिवाय नवी गोळी आपल्याला मानवणार नाही अशी भीती मनात असेल तर मळमळ, अस्वस्थता प्रत्यक्ष जाणवू शकते. ते ढोंग नसतं. म्हणून त्यांना 'काही फरक नाही, गप घे' असं सांगू नका. दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवा, मागे छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम त्यांना स्वतः वाचायला लावा. मी माझ्या नात्यातल्यांसाठी हेच करतो.

भारतातल्या दर्जाबद्दल प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. आपल्याकडे कित्येक वर्षं रक्तचाचणीशिवाय जेनेरिकला परवाने मिळत होते. मूळ औषधाला चार वर्षं होऊन गेली की राज्य पातळीवर परवाना मिळे आणि समतुल्यतेचा पुरावा मागितला जात नसे. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला आणि पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या दोन वर्गांसाठी बायोइक्विव्हॅलन्स सक्तीचा झाला. त्याआधी परवाना मिळालेल्या असंख्य गोळ्या आजही बाजारात आहेत. त्यातल्या बहुतेक चांगल्या आहेत. जी कंपनी तोच कारखाना अमेरिका-युरोपच्या तपासणीला उघडा ठेवते, तिच्या गोळीवर मी जास्त विसंबतो. हे सामान्य ग्राहकाला स्ट्रिपवरून कळत नाही, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. कोणत्या गोळीचा बायो झाला आहे हे पाकिटावर छापणं सक्तीचं करायला काहीच अडचण नाही, असं मी आमच्या क्षेत्रात सतत म्हणत आलोय.

पेटंट संपताना आणखी एक गोष्ट होते, तीही थोडक्यात सांगतो, कारण भावाला कुणीतरी 'त्यापेक्षा हे नवीन औषध घे' असं सुचवण्याची शक्यता आहे. मुदत संपायच्या सुमारास मूळ कंपनी त्याच रेणूचा जवळचा नातेवाईक पेटंटसकट आणते. सिटालोप्रामनंतर एस्सिटालोप्राम, व्हेनलाफॅक्सीननंतर डेसव्हेनलाफॅक्सीन, रिस्पेरिडोननंतर पॅलिपेरिडोन. यातली काही खरोखर सोयीची आहेत. पण जुन्या औषधाबद्दल बोलणारा माणूस मात्र बाजारातून नाहीसा होतो. लिथियमचं हेच झालं. बायपोलर आजारात त्याचा उपयोग जॉन केडने १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात दाखवला. नैसर्गिक क्षार असल्याने रेणूवर पेटंट घेण्याजोगं काही नव्हतं, त्याच्या मागे कोणी मोठी कंपनी उभी राहिली नाही, आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. जुनं औषध नीट लागू पडत असेल तर केवळ त्याची जाहिरात थांबली म्हणून ते सोडू नये.

तर भावाने असं करावं. विमा कंपनीचं पत्र घेऊन आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञाला भेटावं आणि बदल कधी करायचा ते ठरवावं. घर बदलतोय, नोकरी जातेय अशा आठवड्यात नको, म्हणजे पुढे मन बिघडलं तर कारण ओळखता येईल. फार्मसीत बाटलीवर उत्पादक कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते वहीत लिहून ठेवावं आणि दर वेळी त्याच कंपनीची गोळी द्या असं सांगावं. बऱ्याच फार्मसी विनंती केली तर मागवून देतात. पहिले सहा-आठ आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवावी. गोळी चावू नये, तोडू नये. घसरण जाणवली तर स्वतःहून डोस वाढवायचा नाही आणि बंदही करायची नाही, डॉक्टरांना नोंद दाखवायची. ती नोंद असेल तर डॉक्टर आधी दुसऱ्या कंपनीचं जेनेरिक देऊन बघू शकतात, आणि तेही जमलं नाही तर 'ब्रँडच द्या' असं लिहून विमा कंपनीकडे अपील करू शकतात. तक्रार एफडीएच्या मेडवॉच या तक्रार-नोंदणी व्यवस्थेकडे रुग्णाला स्वतःही नोंदवता येते. बुडेप्रिऑन मागे गेलं ते अशाच तक्रारींमुळे.

आईसाठी एकच दुकान धरा आणि दुकानदाराला एकच कंपनी ठरवून सांगा. नाववाली असो वा जनऔषधीची, पण तीच. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर मध्येच स्ट्रिप बदलायची वेळ कमी येते. बिल मागून घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. जुनी उरलेली स्ट्रिप डब्यातून काढून टाका. नव्या गोळीने काही विपरीत झालं असं वाटलं तर डॉक्टरांना सांगाच, आणि बॅच नंबर हाताशी ठेवून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. तिथे फोन करायला डॉक्टर असावं लागत नाही.